टाकलेल्यावर हक्क कोणाचा?

समाजाची परीक्षा तो काय निर्माण करतो यावरून होते, असे आपण नेहमी म्हणतो. तो काय टाकून देतो आणि टाकलेले उचलण्याचे काम कोणाच्या वाट्याला येते, यावरूनही ती तितकीच होत असते. परंतु या दुसऱ्या परीक्षेकडे आपल्या चळवळीचेही म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस वार्दा यांनी २००० साली सरवा वेचणाऱ्यांवर काढलेला माहितीपट या दृष्टीने वाचकांच्या विचारार्थ मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. वार्दा २०१९ मध्ये निवर्तल्या, चित्रपटालाही पाव शतक उलटून गेले. तथापि त्यात विचारलेला प्रश्न आज बंगळूरसारख्या महानगरात पूर्वीपेक्षा अधिक तीव्रतेने उभा आहे. प्रश्न साधाच आहे : टाकलेल्यावर हक्क कोणाचा?

सरवा हा शब्द शहरी वाचकांच्या कानांवर आता क्वचितच पडतो. कापणी उरकून मालकाचे पीक खळ्यावर गेले की रानात जी चुकार कणसे, शेंगा, दाणे मागे राहतात तो सरवा. तो वेचण्यासाठी भूमिहीन मजुरांच्या बायका आणि मुले रानात उतरत, आणि त्यावर चार दिवसांची चूल पेटत असे. युरोपातही हीच रीत होती. फ्रान्समध्ये तर १५५४ च्या राजाज्ञेने तिला मान्यता दिली होती. पीक निघाल्यावर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दीनदुबळ्यांनी शेतात शिरून उरलेले वेचावे, अशी ती मुभा होती. चित्रकार मिले यांच्या १८५७ सालच्या प्रसिद्ध चित्रात सुगीनंतरच्या शेतात कमरेत वाकलेल्या तीन स्त्रिया दिसतात, त्या याच. वार्दा या चित्रापासून आरंभ करतात आणि हाती मावेल एवढा छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन आजचे वेचणारे कोण आहेत, हे शोधायला फ्रान्सभर हिंडतात.

त्यांना काय आढळते? बटाट्याच्या प्रदेशात आकाराने फार मोठे, फार लहान किंवा वेडेवाकडे बटाटे गाड्या भरभरून रानात ओतून दिलेले आढळतात, कारण बड्या दुकानांना ठरावीक मापाचाच बटाटा हवा असतो. बाजार उठल्यावर रस्त्यावर राहिलेली भाजी आणि फळे उचलून त्यांवरच गुजराण करणारा एक सुशिक्षित माणूस भेटतो. तो रात्री परदेशांतून आलेल्या मजुरांना विनामूल्य फ्रेंच शिकवीत असतो. फेकलेली यंत्रे दुरुस्त करणारे आणि रस्त्यावरच्या मोडक्या वस्तूंतून घर उभारणारे भेटतात. आणि वकिली झगा चढवलेला एक कायदेपंडित भर शेतात उभा राहून दंडसंहितेतील तरतूद वाचून दाखवतो, की वेचणाऱ्याचा हक्क अजून जिवंत आहे. एका गावी मात्र निराळे दृश्य दिसते. दुकानाने बाहेर टाकलेले अन्न काही बेघर तरुण उचलून नेत. म्हणून व्यवस्थापकाने कचऱ्याच्या पेट्यांत ब्लीच ओतविले, आणि पुढे प्रकरण न्यायालयात गेले.

अन्न विकले जाणार नाही हे नक्की झाले होते. म्हणूनच ते टाकले गेले. मग ते कोणी खाल्ले तर दुकानाचे नुकसान काय? तोटा व्हायचा तो झालाच होता. तरीही ब्लीच ओतावे लागले, कारण फुकट खाणारा मनुष्य उद्या विकत घेणार नाही, अशी त्यामागची भीती होती. वस्तूची उपयुक्तता आणि वस्तूची बाजारातील किंमत या दोहोंतील विसंगती ज्या अभ्यासवर्गात समजावून सांगताना आपल्या कार्यकर्त्यांची दमछाक होते, तेथे हा प्रसंग सांगावा. खाण्याजोगे अन्न माणसाच्या पोटात जाऊ नये म्हणून त्यात विष कालवण्याचा खर्च करणारी व्यवस्था शहाणी आहे असे कोण म्हणेल? पुढे २०१६ मध्ये फ्रान्सला कायदाच करावा लागला, की मोठ्या दुकानांनी न विकलेले अन्न मुद्दाम नासवू नये आणि ते गरजूंपर्यंत पोहोचवण्यासाठी सेवाभावी संस्थांशी करार करावा. या कायद्याचे श्रेय एका चित्रपटास देणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या गोष्टीवर कायदा करण्याची पाळी आली, ती वार्दांनी दीड दशक आधी पडद्यावर दाखविली होती, एवढे निश्चित.

ही फ्रान्सची मातब्बरी, आपल्याकडे अन्न वाया जात नाही, असे कोणी समजू नये. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगातील घरे, खानावळी आणि दुकाने यांतून १०५ कोटी टन अन्न फेकले गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाच्या सुमारे एक-पंचमांश भरणारे हे प्रमाण आहे. आणि त्याच काळात ७८ कोटींहून अधिक माणसे भुकेली होती. बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठातील प्राध्यापकांनी काही वर्षांपूर्वी त्या शहरातील मंगल कार्यालयांची पाहणी केली, तेव्हा केवळ लग्नांच्या पंगतींत वर्षाला सुमारे ९४३ टन चांगले शिजवलेले अन्न वाया जाते असा अंदाज निघाला. त्याच बंगळूरपासून थोड्या अंतरावर कोलार आहे. तेथील टोमॅटोची बाजारपेठ देशातील अग्रगण्य बाजारपेठांपैकी एक. पण भाव कोसळला की शेतकरी तोच टोमॅटो रस्त्याकडेला ओतून रिकाम्या गाडीने घरी परततो. आमच्या नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकाला हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. येथे फेकणारा हात धनदांडग्याचा नसून कर्जबाजारी शेतकऱ्याचा असतो. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडेसुद्धा सुटत नाही, म्हणून तो आपल्याच घामाचे पीक टाकून देतो. विपुलतेमुळे अन्न वाया जाते असे मानणाऱ्यांनी हा फरक ध्यानी घ्यावा. दुकानदाराचा ब्लीच आणि शेतकऱ्याचा ओतलेला टोमॅटो यांच्या मागे एकच नियम उभा आहे : ज्यातून नफा नाही, ते असून नसल्यासारखे.

आता वस्तूंकडे वळू. अन्न नासते, म्हणून त्याचा प्रश्न त्याच दिवशी संपतो. कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक नासत नाही. ते पुन्हा बाजारात शिरते, आणि तेथेच हक्काचा खरा झगडा सुरू होतो. या झगड्याची पूर्वपीठिका आपल्या वाचकांना अपरिचित नाही. १८४२ साली चोवीस वर्षांच्या कार्ल मार्क्सने कोलोन येथील ‘ऱ्हाइनिश त्साइटुंग’ या पत्रात लाकूडचोरीच्या कायद्यावरील चर्चेबद्दल लेखमाला लिहिली. ऱ्हाइन प्रांताच्या विधानसभेत जमीनदारांचे प्राबल्य होते. गरीब लोक पिढ्यान्‌पिढ्या जंगलात गळून पडलेले वाळके सरपण गोळा करीत आले होते. सभेने त्यालाही चोरी ठरविण्याचा घाट घातला आणि दंडाची रक्कम खुद्द वनमालकाच्या खिशात जाईल अशी तजवीज केली. मार्क्सचा युक्तिवाद असा होता, की मालकाची मालकी झाडावर आहे. झाडापासून सुटलेली काटकी त्या मालकीतूनही सुटलेली असते, आणि तिच्यावर गरिबांचा रूढीने आलेला हक्क आहे. आर्थिक प्रश्नांचा अभ्यास करण्यास आपण प्रथम प्रवृत्त झालो ते या व अशा प्रकरणांमुळे, असे त्याने पुढे १८५९ च्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. थोडक्यात, वेचणाऱ्यांचा प्रश्न हा आपल्या विचारपरंपरेच्या परिघावरचा प्रश्न नव्हे. तो तिच्या उगमापाशीच आहे.

सरपणाला बाजारभाव आला, तेव्हा ते वेचणे चोरी झाले. कचऱ्याचेही हेच झाले आहे, हे बंगळूरकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. पहाटेच्या अंधारात पाठीवर गोणी टाकून निघालेली बाई कृष्णराजेंद्र मार्केटच्या परिसरातून किंवा एखाद्या वसाहतीच्या कोपऱ्यावरून पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पत्र्याचे डबे उचलते. ती ते आपल्या भागातील भंगारवाल्याला विकते. बहुधा त्याच्याकडून घेतलेली उचल फेडायची असल्यामुळे भाव तो सांगेल तोच. तेथून माल मोठ्या गोदामात जातो. प्लॅस्टिकचेच निरनिराळे प्रकार हाताने, डोळ्यांनी, प्रसंगी नुसत्या आवाजावरून वेगळे केले जातात. जॉली मोहल्ल्यासारख्या घाऊक भंगारपेठेत त्याचे व्यवहार होतात. नायंडहळ्ळीच्या बाजूला लहान कारखान्यांत प्लॅस्टिक धुऊन, त्याचा चुरा करून, वितळवून दाणे बनतात, आणि ते दाणे कच्चा माल म्हणून पुन्हा उद्योगात जातात. या साखळीच्या प्रत्येक कडीवर किंमत वाढत जाते. निरुपयोगी वस्तूला पुन्हा उपयुक्त वस्तू करण्याचे निर्णायक श्रम मात्र पहिल्या कडीवर घडतात, आणि सर्वांत कमी मोबदलाही तेथेच पडतो. कचरावेचक हा उद्योगाला कच्चा माल पुरविणारा कामगार आहे. त्याला मालक नाही, हजेरीपट नाही, वेतनपत्रक नाही, म्हणून तो कामगार नव्हे असे मानण्याची सोय फक्त भांडवलाला आहे.

या कामगाराला शहराने कित्येक दशके चोर मानले. पहाटे गोणी घेऊन फिरणाऱ्या बाईला हटकणे, पोलीस चौकीत बसवून ठेवणे, वसाहतीत चोरी झाली की प्रथम तिच्या झोपडीची झडती घेणे, हा अनुभव देशातील कोणत्याही शहरातील कचरावेचकांना सांगता येईल. त्याविरुद्ध संघटनेचा पहिला मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला, हे आपल्या वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. नावातच भूमिका होती : आम्ही घाण उपसणारे नव्हे, कागद, काच, पत्रा या मालाचे कष्टकरी आहोत. या पंचायतीच्या पुढाकाराने २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. तिच्यात तीन हजारांहून अधिक सभासद सामील झाले, आणि त्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. याच पुण्यातील सफाई कामगारांच्या हालअपेष्टांवर अतुल पेठे यांनी ‘कचराकोंडी’ हा माहितीपट केला. तो आपल्या अनेक कार्यकर्त्यांनी पाहिला असेल.

पुण्याचा हा अनुभव बंगळूरला पोहोचला. पुण्याच्या पंचायतीत काम केलेल्या नलिनी शेखर यांच्या पुढाकाराने तेथे ‘हसिरू दळ’ ही कचरावेचकांची संघटना आकाराला आली. २०११ मध्ये तेव्हाच्या बृहत् बंगळूर महानगरपालिकेने कचरावेचकांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे देण्यास सुरुवात केली. गळ्यात अडकवलेला तो एक कागदाचा तुकडा, असे कोणी हिणवील; पण पहाटे पोलिसाने हटकल्यावर जो तुकडा दाखवून आपण चोर नाही हे सिद्ध करता येते, त्याचे मोल ज्यांना कधी हटकले गेलेच नाही त्यांना कळणे कठीण.

त्यापाठोपाठ शहरावर आपत्ती कोसळली. बंगळूरचा कचरा वर्षानुवर्षे आसपासच्या गावांच्या उशाशी नेऊन ओतला जात होता. मावळ्ळीपुऱ्याचे पाणी नासले, लोकांनी दाद मागितली, आणि २०१२ मध्ये ते आगार बंद करावे लागले. शहराच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. मग सारा भार मंडूरवर आला. तेथील ग्रामस्थांनी आंदोलने केली, गाड्या अडविल्या, आणि २०१४ च्या अखेरीस मंडूरचीही दारे बंद झाली. महानगराने उपभोगायचे आणि उकिरडा खेड्याने सांभाळायचा, हा व्यवहार गावकऱ्यांनी उधळून लावला तेव्हाच शहराला घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करण्याची आठवण झाली. प्रभागवार सुका कचरा केंद्रे निघाली आणि त्यांतील अनेक केंद्रे चालविण्यास कचरावेचक पुढे आले. काल ज्यांना चोर म्हणून हाकलले, त्यांच्याच हातांतील ज्ञानावाचून शहराचे पान हालेना! पुढे केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी प्रथमच ‘कचरावेचक’ या शब्दाची व्याख्या केली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे बंधन स्थानिक संस्थांवर घातले. हे सारे संघर्षाने मिळविलेले आहे, कोणाच्या औदार्याने नव्हे.

परंतु सरपणाची कथा येथेही पुन्हा घडू लागली आहे. कचऱ्यात पैसा आहे हे सिद्ध होताच त्यावर मालकी सांगणारे पुढे सरसावले आहेत. कायद्याची वाट त्यांना मोकळीच आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातही गोळा झालेला केरकचरा ही पालिकेची मालमत्ता मानलेली आहे. पालिकेच्या हाती आलेली ही मालमत्ता निविदा काढून कंत्राटदाराला सुपूर्द करता येते. मग उचललेल्या वजनावर पैसे मिळणार म्हटल्यावर, वेगळे केलेले पुन्हा एकत्र करून दाबयंत्राच्या गाडीत कोंबण्यातच कंत्राटदाराचा लाभ असतो. बंगळूरजवळ बिडदी येथे कचरा जाळून वीज निर्माण करण्याचा ११.५ मेगावॅटचा प्रकल्प उभारण्यात आला. अशा भट्टीला भाजीपाल्याचा ओला कचरा पेटवत नाही. तिला धगधगते ठेवतात ते सुका कागद आणि प्लॅस्टिक. म्हणजे ज्या मालावर कचरावेचकाची भाकरी शिजते, तोच माल भट्टीलाही हवा असतो. त्यात भर म्हणून प्लॅस्टिक भंगारावरील वस्तू व सेवा कर २०२१ मध्ये ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेण्यात आला. कर भरतो व्यापारी. पण तो वसूल होतो साखळीच्या तळाशी, किलोमागे कमी दिलेल्या भावातून. मुंबईत २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या उकिरड्याला मोठी आग लागली, तेव्हाही संशयाची सुई प्रथम कचरावेचकांकडे वळली आणि त्यांना तेथून हुसकावण्यात आले. कुंपण घालण्याची ही जुनीच रीत आहे. पूर्वी ते जंगलाला घातले जाई, आता उकिरड्याला घातले जाते.

येथपर्यंत वार्दांचा चित्रपट आपल्याला सोबत करतो. येथून पुढे मात्र आपल्याला आपला रस्ता स्वतंत्रपणे शोधावा लागेल. वार्दांच्या वेचणाऱ्यांत गरज आहे, तशी मौजही आहे. कोणी पोटासाठी वेचतो, कोणी फुकट जाऊ नये या तत्त्वासाठी, कोणी कलाकृती घडविण्यासाठी. हृदयाच्या आकाराचा बटाटा हाती लागला म्हणून स्वतः दिग्दर्शिका हरखून जाते. तेथील माणूस वाकतो आणि पुन्हा ताठ उभा राहतो. आपल्याकडे मात्र शतकानुशतके काही जातींना वाकलेलेच ठेवण्यात आले. मेलेले ढोर ओढणे, उष्टे मागून आणणे, टाकलेली वस्त्रे वापरणे हा ‘हक्क’ म्हणून त्यांच्या माथी मारला गेला. हिंदी लेखक ओमप्रकाश वाल्मीकि यांनी आपल्या आत्मकथनाला ‘जूठन’ म्हणजे उष्टे हे नाव दिले, त्यामागे हाच दाह आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे टाकून देण्याची हाक दिली, तेव्हा त्यांनी याच खोट्या हक्काचा धिक्कार केला. बंगळूरच्या रस्त्यावर गोणी घेऊन निघालेली स्त्री बहुतांशी दलित किंवा स्थलांतरित गरीब का असते, याचे उत्तर या इतिहासात आहे. म्हणून सरव्याचे गोडवे गाताना आपण सावध असले पाहिजे. भंगारातून शोभेच्या वस्तू बनविण्याची जी प्रदर्शने हल्ली भरतात, त्यांतील टाळ्या त्या हातांपर्यंत पोहोचत नाहीत, ज्यांना तुटलेली काच आणि वापरलेल्या सुया रोज टोचतात.

आमच्या अण्णा भाऊ साठ्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. त्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतील भीमा खाणीवरचे काम बंद पडल्यावर मुंबईच्या उपनगरातील स्मशानात प्रेतांच्या राखेतून सोन्याचे कण वेचू लागतो. धडधाकट कष्टकऱ्याला मेलेल्यांवर जगण्याची पाळी कशाने आली, हा प्रश्न ती कथा वाचकाच्या काळजाला भिडवते. आणि भीमा हाताची बोटे गमावून बसतो, तेव्हा बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होत असल्याची वार्ता येते. अण्णा भाऊंनी भीमाला चोर म्हटले नाही, आणि त्याच्या धंद्याला सुंदरही म्हटले नाही. कचरावेचकांच्या प्रश्नाकडे पाहण्याची योग्य दृष्टी हीच होय.

या दृष्टीतून दोन मागण्या निघतात, आणि त्या एकमेकींच्या विरोधी आहेत असा समज दूर केला पाहिजे. पहिली मागणी आजची आहे. जोवर कचरावेचकाची रोजी या मालावर आहे, तोवर त्या मालावर त्याचा पहिला हक्क मान्य झाला पाहिजे. नोंदणी व ओळखपत्र, वेगळा केलेला सुका माल मिळण्याची हमी, वर्गवारीसाठी जागा, प्रभाग केंद्रांचे संचालन त्यांच्या सहकारी संस्थांकडे, आणि माल विकून मिळणाऱ्या पैशाखेरीज शहराच्या सेवेबद्दल स्वतंत्र मोबदला, हे त्यात आले. दुसरी मागणी उद्याची आहे. कोणाही माणसाला मिसळलेल्या घाणीत हात घालावा लागू नये, आणि कचरावेचकाच्या मुलाने जन्मामुळे कचरावेचक होऊ नये. पहिली मागणी सोडून नुसती दुसरी करणे म्हणजे ‘मुक्ती’च्या नावाखाली त्यांच्या हातची भाकरी काढून कंत्राटदाराच्या पदरात टाकणे होय. आणि दुसरी विसरून नुसती पहिली करणे म्हणजे जातीने लादलेल्या कामावर संघटनेचे शिक्कामोर्तब करणे होय. दोन्ही चुका यापूर्वी भल्याभल्यांनी केलेल्या आहेत.

संघटनेने काय साधते याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने दीर्घकाळ लढा दिला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांच्या कायम नोकरीचा मार्ग मोकळा झाला. बंगळूरच्या पौरकार्मिकांनी, म्हणजे रस्ते झाडणाऱ्या कामगारांनी, संप आणि धरणी केली. २०२५ च्या मे दिनी त्यांपैकी १२,६९२ जणांना कायम नेमणुकीची पत्रे देण्यात आली. कचरावेचक अद्याप त्या यादीत नाहीत, कारण कायद्याच्या लेखी त्यांचा कोणी मालकच नाही. त्याच वर्षी बंगळूरची एकसंध महापालिका संपुष्टात येऊन पाच महापालिका स्थापन झाल्या. जुन्या पालिकेच्या शिक्क्याची ओळखपत्रे आणि तिच्याशी झालेले करार नव्या पालिकांनी जसेच्या तसे मानावेत यासाठी कचरावेचकांना जागरूक राहावे लागेल. प्रशासन बदलते तेव्हा तोंडी दिलेले शब्द सर्वांत आधी हरवतात.

आपल्या वाचकांपैकी जे पालिका कामगारांच्या संघटनांत आहेत त्यांना आमचे सांगणे आहे, की कायम झालेला सफाई कामगार आणि रस्त्यावरचा कचरावेचक यांच्यात भिंत उभी राहू देऊ नये; कंत्राटदार याच भिंतीच्या आडोशाला उभा असतो. जे नगरसेवक आहेत त्यांनी कचऱ्याच्या प्रत्येक निविदेची कलमे तपासावीत, आणि वजनावर पैसे देण्याच्या पद्धतीत कचरावेचकांचे काय होणार हा प्रश्न सभागृहात विचारावा. जे शिक्षक, कारकून, गृहिणी आहेत त्यांच्या हातीही एक काम आहे, आणि ते आजच सुरू करता येते. घरातील ओले, सुके आणि सुया-काचा-औषधे यांसारखे धोक्याचे असे तिन्ही प्रकार वेगळे ठेवावेत. मध्यमवर्गीय नागरिकशास्त्राचा हा धडा नव्हे. आपल्या घरातून जी काच उघडी जाते ती कोणाच्या तरी तळहातात घुसते, आणि त्या व्यक्तीला दुसऱ्या दिवशी कामावर जाता येत नाही. कामगाराने कामगाराच्या बाबतीत एवढी काळजी घेणे हे एकजुटीचे पहिले पाऊल आहे.

वार्दांचा हा चित्रपट जेथे उपलब्ध होईल तेथे तो जरूर दाखवावा, आणि दाखविताना आपल्या भागातील कचरावेचक स्त्रियांना प्रेक्षक म्हणून अगत्याने बोलवावे. चित्रपट संपल्यावर पहिला शब्द त्यांचा असावा. फ्रान्समधील बटाट्याच्या ढिगाबद्दल त्यांना जे म्हणायचे असेल ते आपल्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक नेमके असेल, आणि त्यातून जी मागणी पुढे येईल ती त्यांच्याच शब्दांत नगरपालिकेच्या दारी नेणे हे आपले काम राहील.